आठशे युरो आणि पहिले अठ्ठावीस दिवस

"सगळा खर्च अनुदानातून होतो, घरच्यांवर काही बोजा पडत नाही." एका सत्रासाठी युरोपात शिकायला जाण्याबद्दल मार्च २०२३ मध्ये सेमिनार हॉलमध्ये जमलेल्या मुलांना मी हे सांगितलं. ते खरं नव्हतं, आणि त्याची झळ दिघ्यातल्या एका घराला बसली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली इतर महाविद्यालयंही आता युरोपातल्या विद्यापीठांशी बोलणी करतात. त्यांचे फोन येतात, "तुमचा करारनामा पाठवाल का, मॅडम?" करारनामा मी पाठवते. पण आम्हाला जे निस्तरावं लागलं त्यातलं करारनाम्यात काहीच नाही, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढते आहे.

आमचं अभियांत्रिकी महाविद्यालय ठाणे-बेलापूर रस्त्यालगत आहे. ते स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा आमच्या, पदवी मात्र विद्यापीठाची. मुलं ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, कळव्याहून येतात, काही घोडबंदर रोडवरून. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि २०२१ पासून आंतरराष्ट्रीय कक्ष सांभाळते. कक्ष म्हणजे स्टाफरूममधलं एक टेबल, एक कपाट आणि आठवड्याला दोन तासिकांची सवलत.

करार आणि वाया गेलेलं वर्ष

युरोपीय संघाची विद्यार्थी देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली. सध्याची इरॅस्मस प्लस २०२१ ते २०२७ या काळासाठी आहे आणि तिची तरतूद सुमारे २६ अब्ज युरोंची आहे. आपल्या विद्यार्थ्यांसाठी तिचे दोन दरवाजे महत्त्वाचे. एक म्हणजे इरॅस्मस मुंडस संयुक्त पदव्युत्तर पदवी. तिथे विद्यार्थी स्वतः अर्ज करतो आणि निवड झाली तर दोन वर्षांपर्यंत महिना १४०० युरो मिळतात, शिक्षणशुल्कही भरावं लागत नाही. हा दरवाजा बहुतेकांना माहीत असतो. दुसरा दरवाजा पदवीच्या मधल्याच एका सत्रासाठी जाण्याचा. त्याला योजनेच्या भाषेत केए १७१ म्हणतात, आणि आमचं प्रकरण याच दरवाजातलं.

इथे भारतीय महाविद्यालयाला स्वतः अर्ज करता येत नाही. इरॅस्मस सनद, म्हणजे योजनेत भाग घेण्याची मान्यता, असलेलं युरोपातलं विद्यापीठ त्याच्या देशात ही योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज करतं आणि आपण त्यात भागीदार असतो. अनुदान त्या विद्यापीठाकडे जातं आणि तिथून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. आमच्या महाविद्यालयाच्या वहीत त्यातला एक रुपयाही दिसत नाही. पैसा आपल्या हातून जात नसल्यामुळे आपली जबाबदारीही तिथेच संपते, असं इथे सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा.

आमचं यजमान विद्यापीठ पोलंडमधलं. त्यांनी २०२२ च्या फेरीत अर्ज केला आणि ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२५ असा तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला. आम्ही बारा विद्यार्थी मागितले होते, सहा मिळाले. शिवाय शिक्षकांच्या चार छोट्या भेटी. दोन्ही संस्थांमधला करार मात्र मार्च २०२३ पर्यंत सहीविना पडून राहिला. आधी आमच्या संस्थेच्या कायदा सल्लागारांना "भागीदार संस्था शुल्क आकारणार नाही" या कलमाची काळजी वाटली, मग विश्वस्तांची बैठक पुढे गेली. खरं तर ते कलम सरळ आहे: विद्यार्थी आपल्या महाविद्यालयाची फी नेहमीप्रमाणे भरतो आणि तिथली फी माफ असते. हे एका पानात समजावून सांगता आलं असतं, ते मी सांगितलं सात महिन्यांनी. सहापैकी दोन जागा त्यात गेल्या आणि न वापरलेलं अनुदान परत गेलं. ज्या दोघांनी जायचं होतं, त्यांना आपली जागा होती हे कधी कळलंही नसेल.

एकच अनुदान, दोन घरं

पहिल्या तुकडीत दोघं निवडले गेले, सप्टेंबर २०२३ च्या हिवाळी सत्रासाठी. एक मुलगा घोडबंदर रोडचा, वडील बँकेत, आई शाळेत मुख्याध्यापिका. दुसरी मुलगी दिघ्याची. तिचे वडील रबाळे एमआयडीसीत पॅकेजिंगच्या कारखान्यात, महिना २१ हजार. आई घरून पोळ्या लाटून ऐरोलीतल्या तीन पोळीभाजी केंद्रांना देते. मुलगी वर्गात पहिल्या तिनात, इंग्रजी नीटस, मुलाखतीत तिने अँटेनाच्या किरणाकृतीबद्दल असं काही समजावून सांगितलं की पलीकडचे पोलिश प्राध्यापक कॅमेऱ्याजवळ सरकून ऐकू लागले.

अनुदानाचा हिशोब दोघांचा सारखाच. पोलंड तेव्हा ज्या गटात होता त्या गटासाठी महिना ८०० युरो. सत्र पाच महिन्यांचं, म्हणजे ४००० युरो. प्रवासासाठी अंतरानुसार ठरलेली रक्कम असते: ४००० ते ७९९९ किलोमीटरसाठी त्या वेळी ८२० युरो, जाऊन-येऊन. एकूण ४८२० युरो. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे जवळपास ४ लाख ३४ हजार रुपये. तिथे वसतिगृह स्वस्त, विद्यार्थ्यांना बस-ट्राममध्ये सवलत. नीट राहिलं तर एवढ्यात भागतं, चार पैसे शिल्लकही राहतात. रकमेबद्दल मी चुकले नव्हते. ती कधी हातात येते, हे मी पाहिलं नव्हतं.

पहिला हप्ता किती आणि कधी, हे यजमान विद्यापीठ विद्यार्थ्याशी होणाऱ्या करारात लिहितं. आमच्या बाबतीत ७० टक्के होता, विद्यार्थी तिथे पोहोचल्याची नोंद झाल्यावर, त्याच्या तिथल्या बँक खात्यात. उरलेले ३० टक्के सत्र संपून विद्यार्थ्याने ऑनलाइन अहवाल भरल्यानंतर. म्हणजे विमानात बसेपर्यंतचा सगळा खर्च घरातून, आणि पोहोचल्यावरही खातं उघडून पैसे जमा होईपर्यंतचा खर्च घरातूनच.

ऑगस्टमध्ये दिघ्याची मुलगी तिच्या आईला घेऊन माझ्याकडे आली. आईने पिशवीतून एक शंभरपानी वही काढली. पोळ्यांच्या हिशोबाचीच वही, मागच्या बाजूने उलटी धरून लिहिलेली. विमानाचं येण्याजाण्याचं तिकीट ६४,०००. व्हिसा आणि केंद्राचं शुल्क ११,५००. विमा ८,२००. वसतिगृहाची अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं ३८,०००. गुणपत्रिकांचं साक्षांकन, अपोस्टील (कागद परदेशात चालावेत म्हणूनचा सरकारी शिक्का), भाषांतर ९,३००. गरम कपडे आणि बूट १२,०००. खाली दोन रेघा मारून बेरीज: १,४३,०००. बेरजेच्या बाजूला बारीक अक्षरात "पाटल्या" असं लिहिलं होतं, आणि पुढे रक्कम नव्हती.

"मॅडम, तुम्ही म्हणाला होतात खर्च नाही," आई म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. आपल्याकडूनच काही ऐकायचं राहिलंय का, हे ती विचारत होती. ते मला जास्त लागलं.

त्या महिन्यात आम्ही धावपळ केली, पण उत्तर काही सापडलं नाही. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो. व्यवस्थापक चांगले होते, पण पदवीच्या मधल्या एका सत्रासाठी, फी नसलेल्या प्रवेशाला, चार आठवड्यांत कर्ज मंजूर होईल असा मार्ग त्यांच्याकडे नव्हता. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदवीसाठी असते, एका सत्रासाठी नाही. महाविद्यालयाच्या लेखापालांनी विचारलं, "कुठल्या शीर्षाखाली देऊ?" आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी आईच्या बचत गटाने ४० हजार दिले, पाटल्या गहाण ठेवून ७० आले आणि उरलेले वडिलांनी कारखान्यातून उचल घेतले. घोडबंदर रोडच्या घरी हा प्रश्न पडलाच नाही. वडिलांनी कार्डावर तिकीट काढलं आणि अनुदान आल्यावर ते पैसे बहुधा मुलाच्या नावाने ठेवीत गेले.

या प्रकरणात मला दिसलेली मुख्य गोष्ट ही. अनुदान दोघांना सारखं होतं, आणि ते उशिरा येणार हेही दोघांना सारखंच होतं. पण तो उशीर एका घरात कोणाच्या लक्षातही आला नाही आणि दुसऱ्या घरात त्याच्यावर व्याज चढलं.

मुलगी २६ सप्टेंबरला उतरली. निवासनोंदणी होऊन बँक खातं ९ ऑक्टोबरला उघडलं आणि पहिला हप्ता २४ ऑक्टोबरला जमा झाला. अठ्ठावीस दिवस. तिने बरोबर भाजणी, मेतकूट आणि दोन किलो पोहे नेले होते. त्या दिवसांत तिने काय खाल्लं ते मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाली, "सकाळी थालीपीठ, रात्री पोहे. रविवारी कोबी घ्यायचे मॅडम, तिथे कोबी खूप स्वस्त." वर्गातली मुलं पहिल्या शनिवारी ट्रेनने जवळचं शहर बघायला गेली, ही अभ्यास आहे म्हणून थांबली. अनुदानाच्या कागदांवर देवाणघेवाणीचा हेतू म्हणून जे लिहिलेलं असतं, ते पहिल्या महिन्यात तिच्या वाट्याला आलंच नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही सोडून दिली होती, तिची टोचणी अजून आहे. आर्थिक किंवा सामाजिक कारणाने संधी कमी असलेल्या विद्यार्थ्याला या योजनेत महिना २५० युरो जास्त मिळू शकतात. निकष यजमान देश आणि विद्यापीठ ठरवतं, पण आधी तशी मागणी नोंदवावी लागते. अर्जात त्याची एक चौकट होती आणि आम्ही ती रिकामी सोडली होती. पाच महिन्यांचे १२५० युरो, म्हणजे सव्वा लाखाला थोडेच कमी. पाटल्या राहिल्या असत्या असं म्हणता येणार नाही, कारण ही वाढही हप्त्याबरोबरच येते. पण सोडवायला मार्चपर्यंत थांबावं लागलं नसतं.

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचीही एक अडचण झाली. तिला राज्याच्या फी-सवलत योजनेत निम्मी फी परत मिळायची आणि नूतनीकरणाचा अर्ज नेमका ती तिकडे असताना भरायचा होता. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर येतो आणि ते सिमकार्ड तिच्या फोनात, पोलंडमध्ये, रोमिंगशिवाय. दोन दिवस खटपट करून अर्ज गेला एकदाचा. आता आम्ही पहिल्याच सभेत सांगतो की आधारचं सिम आईकडे ठेवून जा.

४.५ चा प्रश्न

आपलं पाचवं सत्र जुलैत सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात संपतं. पोलंडचं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होतं आणि परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. एक सत्र जायचं म्हणून गेलेला विद्यार्थी असा आपल्या दोन सत्रांना मुकतो: पाचव्याची परीक्षा पूर्ण जाते आणि सहाव्याचे पहिले सात आठवडे बुडतात. निवड करताना कॅलेंडर शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं असतं तर हे दहा मिनिटांत दिसलं असतं.

मुलगी फेब्रुवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात परतली. जाताना ती रिक्षाने ऐरोली स्टेशन गाठायची. परतली तेव्हा दिघा गाव स्टेशन सुरू झालेलं होतं आणि पहिल्या दिवशी ती तिथूनच कॉलेजला आली. हातात पारदर्शक फोल्डर आणि त्यात तिकडची गुणपत्रिका. सहा विषय, ३० युरोपीय क्रेडिट. पोलंडमध्ये गुण २ ते ५ या मापात देतात. २ म्हणजे नापास, ३ म्हणजे पास, ५ सर्वोत्तम. तिला चार विषयांत ४.५ आणि दोन विषयांत ५ मिळाले होते.

परीक्षा विभागाच्या संगणकप्रणालीत या पत्रिकेसाठी रकाना नव्हता. अंतर्गत वीस, सत्रान्त ऐंशी, एकूण शंभर, त्यावरून दहाच्या मापात श्रेणी, अशीच प्रणाली बांधलेली. खिडकीवरच्या काकांनी पत्रिका दोनदा उलटसुलट पाहिली आणि प्रामाणिकपणे विचारलं, "मॅडम, साडेचार म्हणजे दहापैकी साडेचार ना?" त्यांनी तसं भरलं असतं तर वर्गात पहिल्या तिनात असलेली मुलगी काठावर पास झाली असती, आणि त्यात त्यांचा काही दोष नसता. श्रेणी रूपांतराचा तक्ता आम्ही त्यांना दिलाच नव्हता.

क्रेडिटचा प्रश्न याहून खोल होता. युरोपात पूर्ण वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १२०० तास, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. सरळ प्रमाण काढलं तर त्यांचे तीन म्हणजे आपले दोन. तिचे ३० क्रेडिट आपले २० झाले. आमच्या पाचव्या सत्राला लागतात २२. दोन कमी पडले. शिवाय नियंत्रण प्रणाली हा आमचा सक्तीचा विषय तिथे इंग्रजीत शिकवलाच जात नव्हता, त्याऐवजी तिने संवेदक आणि मापनाचा विषय घेतला होता. जाण्यापूर्वी विद्यार्थी, यजमान आणि आपण अशा तिघांच्या सहीचं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट होतं. त्यात तिथे काय शिकणार आणि त्याबदल्यात इथे काय मान्य होणार, हे लिहायचं असतं. आमचा पहिला भाग व्यवस्थित भरलेला होता. दुसऱ्या भागात "नियमानुसार" एवढंच लिहून मी सही केली होती. नियम अस्तित्वातच नव्हता.

एप्रिल २०२४ मध्ये विद्या परिषदेपुढे विषय नेला. चर्चा तासभर चालली आणि ती चांगली झाली, हे मुद्दाम सांगते. एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं होतं की प्रत्येक विषयाचा प्रत्येक धडा जुळला पाहिजे. दुसऱ्यांनी विचारलं, "मग तिथे पाठवायचं कशाला? इथेच शिकवा." शेवटी ठरलं की धड्याला धडा न जुळवता विषयातून विद्यार्थ्याला काय यायला हवं ते जुळवायचं, तीनास दोन हे प्रमाण मान्य करायचं आणि पोलिश गुणांचा एक तक्ता स्वीकारायचा. कमी पडलेले दोन क्रेडिट तिने स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातून भरायचे. २०२१ च्या नियमांनुसार स्वयमवरून ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेता येतात, त्यामुळे त्यात अडचण नव्हती.

अडचण वेळेची होती. तो अभ्यासक्रम पुढच्या जुलैच्या फेरीत होता आणि त्याचा निकाल ऑक्टोबरमध्ये आला. तोवर तिच्या पाचव्या सत्रापुढे "निकाल राखून ठेवला" असा शेरा राहिला. ऑगस्टमध्ये कॅम्पस मुलाखती सुरू झाल्या. दोन कंपन्यांच्या यादीत तिचं नाव गाळलं गेलं, कारण त्यांच्या अर्जात मागचा कोणताही निकाल बाकी नसावा अशी अट होती. मी त्या दोन्ही ठिकाणी पत्र दिलं, फोन केले. यादी संगणकाने गाळलेली होती, माणूस भेटेपर्यंत मुलाखती संपल्या होत्या. घोडबंदर रोडचा मुलगाही त्याच शेऱ्यात अडकला. फरक इतकाच की त्याला पहिल्याच वर्षी नोकरी लागण्याची निकड नव्हती.

दुसरी तुकडी

उरलेल्या जागा फेब्रुवारी २०२५ च्या उन्हाळी सत्रासाठी ठेवल्या. हा बदल फुकटचा आणि सगळ्यात मोलाचा. ते सत्र फेब्रुवारीअखेर ते जून चालतं, आपलं सहावं जानेवारी ते मे. मूल जुलैत परत येऊन सातव्या सत्रात वेळेवर बसतं. जाण्यापूर्वीच्या सहा-सात आठवड्यांत इथलं अंतर्गत मूल्यमापनही होऊन जातं.

पैशांसाठी फिरता निधी उभा केला. कल्पना साधी होती: जाण्यापूर्वी विद्यार्थ्याला बिनव्याजी सव्वा लाखापर्यंत द्यायचे, पहिला हप्ता आल्यावर निम्मे आणि दुसरा आल्यावर उरलेले परत घ्यायचे. ती उभी करताना मात्र सहा महिने गेले. संस्थेने विद्यार्थ्याला कर्ज देणं लेखापरीक्षकांना मान्य नव्हतं आणि त्यांचं बरोबरही होतं. मग माजी विद्यार्थी संघ स्वतंत्रपणे नोंदणीकृत आहे, त्याच्या घटनेत गरजू विद्यार्थ्यांना परतफेडीच्या बोलीवर मदत देण्याचं कलम आहे, हे एका जुन्या सचिवांनी दाखवून दिलं. निधी तिथे ठेवला. महापे आणि ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये काम करणारी आमची मुलं, निवृत्त शिक्षक, काही पालक, असे मिळून ५ लाख ४० हजार जमले. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर विद्यार्थी आणि पालकांचं हमीपत्र. जामीनदार मागायचा नाही असं मी आग्रहाने ठरवून घेतलं. ज्या घराला जामीनदार सहज मिळतो त्याला या निधीची गरज नसते.

त्या तुकडीत कळव्याचा एक मुलगा होता, वडील रिक्षा चालवतात. त्याच्यासाठी २५० युरोंची वाढ आम्ही वेळेत मागितली. त्याला उत्पन्नाचा दाखला लागला. तो ठाणे तहसीलदारांचा, मराठीत. सेतू केंद्रातून काढायला बारा दिवस, मग इंग्रजी भाषांतर, मग यजमान विद्यापीठाला त्यातल्या "सर्व मार्गांनी मिळणारे उत्पन्न" या शब्दांचा अर्थ समजावून सांगणारं पत्र. सव्वा लाख आणि ही वाढ मिळाल्यावर त्या घराला काही गहाण टाकावं लागलं नाही. मुलगा पहिल्याच शनिवारी बाकीच्यांबरोबर ट्रेनने फिरायला गेला. फोटो पाठवला, बर्फात उभा, पायात ठाण्याच्या स्टेशनरोडवर घेतलेले बूट.

पहिल्या हप्त्याला या वेळीही तेवीस दिवस लागले. आम्ही यजमानांना विचारलं होतं की हप्ता निघण्यापूर्वी देता येईल का. त्यांच्या बाजूने भारतातल्या खात्यात रक्कम पाठवण्याचा खर्च आणि विद्यार्थी आलाच नाही तर वसुली, असे दोन प्रश्न होते. मला ते पटले. तेव्हा हा उशीर राहणार हे धरूनच इथली व्यवस्था करावी लागते.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंटच्या दुसऱ्या भागात आता प्रत्येक विषयासमोर विषय, क्रेडिट आणि अभ्यासमंडळाच्या अध्यक्षांची सही असते. ती असल्याशिवाय मी सही करत नाही. दोघांचेही निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये वर्गाबरोबर लागले.

संयुक्त पदवीचं बोलणं

मे २०२५ मध्ये यजमानांनी विचारलं, आपण संयुक्त पदव्युत्तर पदवीकडे जाऊ या का? इरॅस्मस मुंडसमध्ये अशी पदवी आखण्यासाठी पंधरा महिन्यांचं ६० हजार युरोंचं एकरकमी अनुदान असतं आणि प्रत्यक्ष अभ्यासक्रमाला किमान तीन देशांतल्या तीन संस्था लागतात. आमच्या व्यवस्थापनात उत्साह पसरला. त्याच सुमारास, जून २०२५ मध्ये, मुंबई-नवी मुंबईत शाखा काढण्यासाठी यॉर्क, अ‍ॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची आयईडी या पाच संस्थांना इरादापत्रं दिली गेली होती आणि विमानतळाजवळच्या शिक्षणनगरीची चर्चा उलव्यापासून ऐरोलीपर्यंत सगळीकडे होती. आपणही मागे राहायला नको, असा सूर होता.

मी त्या बैठकीत विरोधात बोलले. पहिलं कारण कायद्याचं. संयुक्त पदवीच्या प्रमाणपत्रावर ज्याचं नाव यायचं त्याला पदवी देण्याचा अधिकार लागतो, आणि तो आमच्याकडे नाही, विद्यापीठाकडे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत तीन प्रकार वेगळे केलेले आहेत. ट्विनिंगमध्ये विद्यार्थी काही भाग परदेशात शिकतो, पण तो ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि पदवी भारतीय संस्थेचीच. संयुक्त पदवीत दोन्हीकडे किमान ३० टक्के क्रेडिट आणि एकच प्रमाणपत्र. दुहेरी पदवीत दोन संस्थांच्या दोन स्वतंत्र पदव्या. पूर्वपरवानगीशिवाय करार करायचा तर भारतीय संस्थेला नॅकचे (उच्चशिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचे) किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरातलं स्थान लागतं, आणि परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवी. आम्ही फार तर सहयोगी भागीदार होऊ शकतो.

दुसरं कारण माझं स्वतःचं होतं आणि ते मी फळ्यावर लिहून दाखवलं. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आपले ८० क्रेडिट. त्याचे ३० टक्के म्हणजे २४. पहिल्या तुकडीचे २० क्रेडिट मान्य करायला आम्हाला आठ महिने लागले होते आणि त्यात दोन मुलांच्या मुलाखती गेल्या होत्या. दरवर्षी वीस विद्यार्थ्यांचे चोवीस क्रेडिट आम्ही कोणत्या खिडकीवर घेणार होतो? नियमांनी परवानगी मिळते, पैसा मिळत नाही, आणि परीक्षा विभागात एक वाढीव माणूसही मिळत नाही. प्राचार्यांनी फळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मग आधी काय करायचं?" मी म्हटलं, संगणकप्रणालीत एक रकाना वाढवायचा. तो या दिवाळीनंतर वाढला. त्याला "परदेशी संस्थेतील क्रेडिट" असं नाव आहे आणि त्यात गुणांचं माप निवडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. काकांनीच तो तपासून घेतला. विद्यापीठाला सहयोगी भागीदारीचा प्रस्ताव दिलेला आहे आणि त्यावर बोलणी चालू आहेत.

दिघ्याची मुलगी आता महापेला नोकरी करते. पाटल्या मार्च २०२४ मध्येच सुटल्या, दुसरा हप्ता आला त्याच आठवड्यात. या हिवाळ्यात तिने इरॅस्मस मुंडसच्या दोन अभ्यासक्रमांना अर्ज केले. शिफारसपत्र मागायला आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता: १४०० गुणिले २४, बरोबर ३३,६०० युरो, आणि त्याखाली एकाखाली एक, तिकीट, व्हिसा, अनामत, पहिल्या महिन्याचं भाडं. "मॅडम, पहिले दोन महिने माझे मीच काढणार. तेवढे साठलेत," ती म्हणाली.

युरोपात नवा प्रकल्प मंजूर झाला आहे आणि या फेब्रुवारीत चौघं निघतायत. तिघांना निधीतून पैसे दिले, चौथ्याच्या वडिलांनी नको म्हटलं. एका मुलीच्या एम्बेडेड सिस्टीमच्या विषयाला तिथे जोड सापडत नाहीये, तिचा कागद अभ्यासमंडळाकडे आहे. बैठक मंगळवारी आहे.